खात्रीचा साक्षीदार कसे व्हावे

कोल्हापुरात कुठंही दोन गाड्या एकमेकींना घासल्या की पाच मिनिटांत पंचवीस प्रत्यक्षदर्शी जमतात. त्यातले वीस नुसता आवाज ऐकून आलेले असतात. तुम्ही त्या विसातले असाल तर खट्टू होऊ नका. ज्यानं खरंच बघितलंय तो बिचारा "नक्की आठवत नाही बघा" म्हणत मागं सरकतो. पुढची जागा तुमचीच आहे.

समजा, मिरजकर तिकटीला एका मोपेडचा आरसा दुधाच्या टेंपोला लागला. एक कॅन कलंडला, वाटीभर दूध सांडलं, मोपेडवाल्याची चप्पल उडाली. एवढंच. आता हे असंच्या असं टपरीवर जाऊन सांगितलंत तर चहाचे पैसे तुम्हालाच द्यावे लागतील. तेव्हा आधी क्रियापदाकडं लक्ष द्या. 'लागला' कशाला, 'उडीवलं' म्हणा की!

याला शास्त्राधार आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली लोकांना गाड्यांच्या अपघातांच्या फिल्म दाखवल्या आणि वेग विचारला. गाड्या एकमेकींना 'टेकल्या' तेव्हा वेग किती, असं विचारल्यावर सरासरी उत्तर आलं ताशी सुमारे 32 मैल. 'आदळल्या' म्हटल्यावर जवळपास 41. फिल्म त्याच. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानं विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तरी 'आदळल्या' ऐकलेल्या 50 जणांतल्या 16 जणांना काचा दिसल्या होत्या. साधं 'धडकल्या' ऐकलेल्यांत 7 जणांना. तुमच्या मोपेडचा आरसा शाबूत असला तरी काचांचा खच खुशाल पाडा. तिसऱ्यांदा सांगेपर्यंत तुमच्याही पायाखाली त्या करकरायला लागतील.

नंतर माणसं पेरा. बिनमाणसाची गोष्ट कोल्हापुरात चालत नाही. पावसाळ्यात बघा ना. राधानगरीचे सातही दरवाजे स्वयंचलित, धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपले आपण उघडणारे. बातमी असते, 'एक दरवाजा उघडला.' गंगावेशीत येईतोवर सातही उघडलेले असतात, शिवाजी पेठेत धरणाला भेग पडते आणि रात्री फोनवर कुणीतरी पुण्याच्या मेहुण्याला सांगत असतो, "सायबानं मुद्दाम पाणी सोडलंय, दाजी." दाब, पातळी, क्युसेक ध्यानात कोण ठेवणार? साहेब मात्र राहतो. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटनं 1932 मध्येच हे मांडलं होतं. त्यानं इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक भुताची गोष्ट पुन्हा पुन्हा आठवून सांगायला लावली. न कळलेले भाग गळाले, गोष्ट आखूड झाली, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली. ऐकलेलं आपल्या ओळखीच्या साच्यात बसवायचं, हा माणसाचा धर्मच. पुराच्या रात्री त्या साच्यापायी एखादी अख्खी गल्ली संसार डोक्यावर घेऊन पळाली, तर तिची जबाबदारी अर्थातच तुमची नाही. तुम्ही फक्त ऐकलेलं पुढं पाठवलंत.

पण 'ऐकलं' असं तोंडावाटे काढू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेला भारतीय साक्ष अधिनियमसुद्धा जुन्या कायद्यासारखंच म्हणतो की तोंडी पुरावा थेट हवा. बघितलेली गोष्ट ज्यानं बघितली त्यानंच सांगायची. कोर्टाला ऐकीव चालत नाही, मग कट्ट्यानं कशाला चालवून घ्यावं? छातीवर हात ठेवून म्हणा, "मी तिथंच हुतो, मर्दा."

एवढं करूनही मनात थोडी पाल चुकचुकतेच. त्यासाठी मान डोलावणारा एक दोस्त बरोबर ठेवा. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड यांनी 1998 मध्ये लोकांना एका गुन्हेगाराचं चित्रण दाखवलं आणि मग फोटोंतून त्याला ओळखायला सांगितलं. फोटोंत तो नव्हताच, तरीही लोकांनी कुणावर ना कुणावर बोट ठेवलं. त्यातल्या काहींना नुसतं "बरोबर ओळखलंत" म्हटलं, तर ते म्हणायला लागले की आपली खात्री पहिल्यापासून होती, चेहराही स्पष्ट दिसला होता! दोस्तानं फक्त "व्हय, व्हय, लाल शर्टच हुता" एवढं म्हणायचं. शर्टाचा रंग दोघांचा एकच निघाला की पोलीसही मान डोलावतात. रंग आधी कुणी सुचवला हे सहसा कुणी विचारत नाही. ओळख परेडला उभं राहावं लागलंच, तर त्या दिवशी निळ्या शर्टात आलेला मोपेडवालाही तुम्ही सहज ओळखाल.

राहता राहिला सीसीटीव्ही. कोपऱ्यावरच्या सराफानं फुटेज दाखवलं, त्यात मोपेड उभीच आहे आणि टेंपोच मागं येतोय, तर गडबडून जाऊ नका. दोनदा नीट बघा, चष्मा पुसा आणि शांतपणे सांगा, "ही दुसरी गाडी. आमची ह्याच्या आधीची."