‘पुस्तकी मास्तर’ म्हणणाऱ्या वाचकास

‘सोलापुरी गडी’ या नावाने लिहिणारे वाचक,

बाहेरून टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) टोचलं की उंदराचे वृषण लहान राहतात, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकदा रागाने, दुसऱ्यांदा त्यात मुद्दा कुठे आहे ते शोधायला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: टेस्टोस्टेरॉनवरच वृषणाचं काम चालतं, मग तेच बाहेरून टोचल्यावर उंदराचे वृषण लहान कसे राहतील? मोठ्या डोसात तर शुक्राणू टिकतात. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. आणि शेवटी, ‘पुस्तकी मास्तर, कधी उंदीर हातात धरलाय का?’

आधी चूक कबूल करतो. उंदरात शुक्राणू तयार व्हायला मी ‘दोन महिने’ लिहिले होते, ते साधारण ५२ दिवस हवं. दुरुस्त केलंय, आभार.

आता ते शेवटचं वाक्य.

धरलाय हो! एमएस्सीला असताना, इथेच सोलापुरात, रोज सकाळी आठला. पांढरे रॅट, तुमच्या धान्याच्या गोदामातले नव्हेत. टेस्टोस्टेरॉन प्रोपिओनेट तिळाच्या तेलात असायचं. सिरिंज तळहातात धरून कोमट केल्याशिवाय तेल सुईतून उतरत नाही. मानेमागची सैल कातडी चिमटीत उचलायची, टोचायचं आणि तेल परत ओघळू नये म्हणून वर बोट दाबून धरायचं. पहिल्याच दिवशी एक नर उलटा धरला आणि ‘सर, ह्याला वृषणच नाहीत’ म्हणून ओरडलो. अख्खी लॅब हसली. रॅटमध्ये वृषणाच्या पिशवीतून पोटात जाणारी वाट आयुष्यभर उघडी असते, उलटा धरला की वृषण पोटात सरकतात.

पुढे वृषण टिपकागदावर टिपून वजन करायचं आणि ते टिकवायला बुइनच्या द्रावणात टाकायचं. त्यातल्या पिक्रिक ॲसिडने बोटं आठवडाभर पिवळी. आई भाकरी वाढताना विचारायची, ‘हळद लागली काय रे, आम्हाला न सांगता?’ पुस्तकी माणसाची बोटं अशी होत नाहीत, राव. ‘मास्तर’ म्हणालात त्याचं काही नाही, तीस वर्षं तेच होतो. पण म्हणण्याचा सूर कळतो.

मुद्द्याचंही सांगतो, नाहीतर टाळलं म्हणाल. गल्लीत टँकर उभा दिसला की व्हॉल्व्हवाला समजतो इथे पाणी आहे, आणि आपला नळ सोडत नाही. इथे व्हॉल्व्हवाला म्हणजे पिट्युटरी, मेंदूखालची ग्रंथी. रक्तात बाहेरचं टेस्टोस्टेरॉन दिसलं की ती एलएच आणि एफएसएच, म्हणजे वृषणाला कामाला लावणारी आपली दोन हार्मोन्स, कमी करते. एलएच नाही म्हणून लेडिग पेशी, वृषणात टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या, थंडावतात. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण रक्तापेक्षा कितीतरी जास्त लागतं, ते घसरतं आणि वृषण आक्रसतात. पिल्लांचं तर आणखी वाईट. शुक्राणूंना पोसणाऱ्या सर्टोली पेशींची संख्या जन्मानंतर जेमतेम पंधरवडाभर वाढते, तीही एफएसएचच्या जोरावर. त्या दिवसांत एफएसएच आखडलं की पेशी कमी त्या कमीच, आणि पुढे वृषणही लहान. पिट्युटरीचा हा हिशेब शिकागोच्या मूर आणि प्राइस या शास्त्रज्ञांनी १९३२ सालीच मांडला. मी घरी बसून शोधलेला नाही.

मोठ्या डोसाचं मला माहीत आहे. डोस फार मोठा असला तर रक्तातूनच पुरेसं आत पोचतं. लेख त्यावर नव्हता, विषय संपला. माणसाचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेचा १९९० चा अभ्यास बघा: आठवड्याला २०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, आणि बहुसंख्य पुरुषांचे शुक्राणू सहा महिन्यांत शून्यावर. जिममधल्या पोरांना हेच सांगत होतो.

आणि हो, त्या मे महिन्यात प्राणिगृहाचा कूलर बंद पडला. सोलापूरचा मे, वेगळं सांगायला नको. ज्या रॅटना तुलनेसाठी नुसतं तेल टोचलं होतं त्यांचेही वृषण खराब निघाले, आकडे फुकट गेले. उष्णतेने शुक्राणू मरतात हे माझ्या लक्षातच नव्हतं. मार्गदर्शक सर्वांसमोर म्हणाले, ‘उंदीर धरण्याआधी पुस्तक उघडत जा.’

तुम्ही म्हणता पुस्तकी, ते म्हणायचे पुस्तक उघडत नाही. तुम्ही दोघं बसून काय ते ठरवा, आणि मला कळवा.