पाच गुणांचा दिवाणजी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, मनापासून आभार. कथेतली पात्रं मी मानसशास्त्रातल्या पाच स्वभावगुणांच्या (अनुभवांबद्दलचा खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौम्यपणा, भावनिक अस्थिरता) पट्टीवर तपासतो. अशी मोजून घडवलेली पात्रं म्हणजे कागदी बाहुल्या, असं तुमचं म्हणणं आहे. नागपूरच्या इतवारी बाजारात गल्ल्यावर बसलेला माणूस घरी गेला की वेगळाच असतो, मग त्याला एकच आकडा कसा द्यायचा, हा तुमचा प्रश्न. आणि हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे, अशी तक्रारही.

गल्ल्यावरच्या माणसाचा मुद्दा सगळ्यांत मोलाचा. वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञानं १९६८ साली नेमकं हेच मांडलं. चाचणीत दिसलेला स्वभावगुण आणि एखाद्या प्रसंगातलं प्रत्यक्ष वागणं यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) जेमतेम ०.३ च्या आसपास असतो, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यावरून बरीच वर्षं वाद झडला. एकाच प्रसंगाऐवजी बऱ्याच दिवसांच्या वागण्याची सरासरी काढली, की स्वभाव स्पष्ट दिसतो, हे पुढे सेमूर एपस्टाइननं दाखवलं. म्हणजे गुण ही सरासरी झाली, आणि गोष्ट काही सरासरीत घडत नाही. इथवर आपलं एकमत आहे.

पण म्हणून गुण निरुपयोगी ठरतो का? कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या अडतीवर बसणारा एक दिवाणजी कल्पून बघा. अंबिया बहाराची संत्री येण्याचे दिवस, सकाळपासून लिलाव चाललेला. पाच गुणांपैकी कर्तव्यदक्षता त्याच्यात काठोकाठ. शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीत हमाली, तोलाई वेगवेगळी मांडतो, खाडाखोड झाली तर ती फाडून नवी लिहितो. दुपारी धाकटा भाऊ येतो. ‘‘दादा, सोमवारी आणून देतो न.’’ दिवाणजी गल्ल्यातून दोन हजार काढून देतो आणि वहीत नोंद करत नाही.

तुम्ही म्हणाल, बघा, मोडला ना तुमचा गुण! मला तसं वाटत नाही. गुण त्या रात्री खरा कामाला लागतो. दिवाणजी जेवताना ताटावरून दोनदा उठतो. वही दुकानात कुलपात आहे, तरी डोळ्यांपुढे तेच पान. सोमवारपर्यंत तो मालकाच्या नजरेला नजर देत नाही आणि एरवी कधी न चुकणारी बेरीज चुकतो. आता त्याच्या जागी ढिसाळ माणूस बसवा. तोही तेवढेच पैसे देईल, तशीच नोंद टाळेल आणि घरी जाऊन घोरत पडेल. त्या कृतीची किंमत कोणाला किती मोजावी लागते, हे गुण ठरवतो. मला पात्रासाठी गुण लागतात ते एवढ्यासाठी.

मिशेलनंही पुढे युइची शोदाबरोबर काम करताना माणसाच्या बदलत्या वागण्यातली संगती शोधली. अमुक माणूस समोर आला की तमुक वागणं, हा नमुनाच त्या व्यक्तीची ओळख असतो. दिवाणजी मालकापुढे नियमाचा पक्का आणि भावापुढे हतबल. ही जोडी सापडली की पात्र चालायला लागतं.

राहिली पाश्चात्त्य असल्याची तक्रार. गीतेच्या चौदाव्या अध्यायात तीन गुण आहेत, भरताच्या नाट्यशास्त्रात धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत, धीरप्रशांत असे नायक आहेत. स्वभावाची प्रतवारी आपल्याला परकी नाही. आणि ते पाच गुणही कोण्या प्रयोगशाळेत शिजलेले नाहीत. ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेचले होते. पुढच्या संशोधकांनी तशा शब्दांची छाननी करत करत हे गट काढले. लोक एकमेकांबद्दल जे बोलतात, त्यातूनच ते आले. सोळा कप्प्यांची मायर्स-ब्रिग्ज चाचणी मात्र मी पात्रांसाठी वापरत नाही. ती माणसाला या नाहीतर त्या कप्प्यात टाकते, आणि बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात.

माणसं पाहायलाच हवीत, याबद्दल वाद नाही. दिवाणजीच्या भावाचा तो ‘न’ कुठल्याही पट्टीवर मिळणार नाही, तो बाजारात उभं राहूनच कानावर पडतो. म्हणून मी पहिला खर्डा गुणांचा विचार न करता लिहितो आणि मग पट्टी काढतो. तीन पात्रं एकाच पद्धतीनं चिडताना दिसली, की त्यातली दोन मी स्वतःच बोलत असतो, आणि ती पानं पुन्हा लिहावी लागतात.