फ्लॅशकार्ड दाखवली की मेंदूला फांद्या फुटतात म्हणे

कोथरूड-बाणेरकडच्या आईबाबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर तो मेसेज परत फिरतोय. मेंदूतल्या पेशींना जितक्या फांद्या जास्त तितकं मूल हुशार, या फांद्या ३ वर्षांपर्यंतच फुटतात, आणि रोज फ्लॅशकार्ड दाखवली की भराभर वाढतात, उंदरांवर सिद्ध झालंय. खाली अर्थातच क्लासचा नंबर.

उंदरांचं आधी घेऊ, कारण तेवढं अर्धं तरी खरं आहे. १९७२ मध्ये व्होल्कमार आणि ग्रीनो या संशोधकांना दिसलं की खेळणी आणि सोबती असलेल्या मोठ्या पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरांच्या व्हिज्युअल कॉर्टेक्समध्ये, म्हणजे डोळ्यांकडून आलेलं जिथे पोचतं त्या भागात, डेंड्राइटच्या, म्हणजे दुसऱ्या पेशींकडून संदेश घेणाऱ्या पेशीच्या धाग्यांच्या, फांद्या जास्त होत्या. पण कोणापेक्षा जास्त? एकट्या कोंडून ठेवलेल्या उंदरांपेक्षा! ज्या बाळाभोवती आजी, दादा, कुकरच्या शिट्ट्या आणि खालून भाजीवाल्याची हाळी आहे ते कोंडलेलं नाहीये, त्याला वर अजून कार्डं दाखवून काय होतं हे त्या प्रयोगात कोणी बघितलंच नव्हतं. आणि ग्रीनोंच्याच ग्रुपला नंतर मोठ्या वयाच्या उंदरांतही फांद्या वाढलेल्या दिसल्या, मग ३ वर्षांची डेडलाइन आली कुठून?

आता मुख्य घोळ, जास्त फांद्या म्हणजे जास्त हुशार. उंदराच्या प्रत्येक मिशीसाठी कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, वेगळा कप्पा असतो, तिथल्या पेशी आधी फांद्या इकडेतिकडे पसरतात आणि मग चुकीच्या बाजूच्या मागे घेतात, आपल्या मिशीकडच्या ठेवतात, म्हणजे काम नीट व्हायला लागतं ते काही फांद्या गेल्यावर. माणसात पीटर हटनलॉकर या संशोधकांनी फांद्या नाही पण पेशींमधले जोड, सिनॅप्स, मोजले, तर व्हिज्युअल कॉर्टेक्समध्ये ते साधारण ८ महिन्यांच्या बाळात सगळ्यात दाट आणि ११ वर्षांपर्यंत त्यातले ६० टक्क्यांच्या आसपास उरलेले. मेसेजच्या हिशोबाने मग पाचवीतलं पोर ८ महिन्यांच्या बाळापेक्षा ढ! आणि फ्रॅजाइल एक्स नावाच्या आजारात तर डेंड्राइटवरचे बारीक काटे नेहमीपेक्षा जास्त असतात, त्या मुलांना शिकणं अवघड जातं.

हो, एक गोष्ट मेसेजवाल्यांच्या बाजूची पण आहे, ती लपवत नाही. २०१८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी पेशंटच्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या टेम्पोरल लोबच्या, म्हणजे कानाजवळच्या मेंदूच्या भागाच्या, तुकड्यांवर काम केलं, ज्यांचा आयक्यू जास्त त्यांच्या पेशींचे डेंड्राइट मोठे निघाले. पण त्याच वर्षी जर्मनीतल्या बोखुमच्या टीमने एमआरआय करून उलटं सांगितलं, आयक्यू जास्त तिथे कॉर्टेक्समध्ये डेंड्राइटची गर्दी कमी. एकाने मोजकेच पेशंट घेऊन थेट पेशी बघितल्या, दुसऱ्याने शेकडो लोक घेतले पण बाहेरून अंदाज केला, आणि दोघांपैकी कोणीही फ्लॅशकार्ड दाखवली नव्हती.

राहिली ती "वेळ निघून जाईल" वाली भीती. ही ह्यूबेल आणि वीझल या संशोधकांच्या मांजरांच्या पिल्लांवरच्या प्रयोगांवरून आलीय, एक डोळा शिवून टाकला तर त्या डोळ्याचे कॉर्टेक्समधले जोड कमकुवत होतात आणि नंतर डोळा उघडला तरी नीट सुधारत नाहीत. नोबेल मिळालं त्यांना १९८१ मध्ये, काम पक्कं आहे, पण ते डोळा बंद असण्याबद्दल आहे, कार्डं कमी पडण्याबद्दल नाही. म्हणून बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरं दिसलं किंवा डोळा तिरळा वाटला तर थांबू नका, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, जन्मजात मोतीबिंदूत आठवड्यांनी फरक पडतो.