१४०चा फोर्क, १००ची फ्रेम आणि भोसरीचं लेथ

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. "मावशी, भोसरीत तुझ्या ओळखीचा लेथवाला आहे ना?" मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणून वाटलं कॉलेजचा जॉब असेल. जॉब कसला! सायकलच्या नव्या फोर्कचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या स्प्रिंगवाल्या चिमट्याचा, स्टीअरर (वरचा दांडा) कातून बारीक करायचा होता. हे डोकं कुणाचं, असं विचारल्यावर त्याने एक फॉरवर्ड पाठवला. तोच मजकूर आधी तिघांनी मला पाठवला होता आणि मी न वाचता वर सरकवला होता. आता वाचावा लागला.

"साध्या हार्डटेलची एन्ड्युरो बाइक करा!" असा मथळा. (हार्डटेल म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, एन्ड्युरो म्हणजे अवघड डोंगरउतारांसाठीची दणकट.) आत पाच मुद्दे. जितका ट्रॅव्हल (फोर्क किती मिलिमीटर दबतो ते) जास्त तितका आराम. फोर्क कुठलाही कुठल्याही फ्रेमला बसतो, न बसल्यास लेथवर स्टीअरर उतरवून घ्या. फ्रेमला काही होत नाही, नव्या सायकली खपवायला कंपन्या घाबरवतात. पुढून सायकल उंच झाली की उतारावर ती जास्त स्थिर होते. आणि शेवटी, परदेशात लोक हार्डटेलला १६०चे फोर्क लावतात, मग आपण का नाही? खाली टाळ्यांचे आणि आगीचे इमोजी.

लेथपासूनच सुरुवात करते, कारण तिथे माणूस मरू शकतो.

हेडट्यूब म्हणजे फ्रेमची पुढची उभी नळी, जिच्यातून फोर्कचा दांडा वर येतो. आपल्याकडच्या जुन्या आणि स्वस्त हार्डटेलमध्ये तिचं भोक बहुतेक ३४ मिलिमीटरचं असतं. त्यात फक्त सरळ, २८.६ मिलिमीटरचा स्टीअरर जातो. आजचे बरे फोर्क बहुतेक टेपर्ड येतात. ते वर २८.६च असतात, पण खाली क्राउनजवळ (फोर्कचे दोन पाय जुळतात तिथे), जिथे बेअरिंगची रेस, म्हणजे कडी, बसते तिथे, ३९.८. सरळ स्टीअररला तीच जागा ३० मिलिमीटरची. म्हणजे लेथवर व्यासातून जवळजवळ दहा मिलिमीटर उडवायचे, प्रत्येक बाजूने पाच. आणि तो भरीव रॉड नाही, पोकळ नळी आहे. पाच मिलिमीटर काढल्यावर उरणार काय? पापुद्रा, तोही उरलाच तर. पुढचा ब्रेक दाबला की आख्ख्या फोर्कमध्ये सगळ्यात जास्त वाक नेमका याच सांध्यावर येतो. तो सांधा सुटला की हँडल तुमच्या हातात राहतं आणि चाक पुढे निघून जातं.

भाच्याला घेऊन मी मुद्दाम त्या लेथवाल्या काकांकडे गेले. म्हटलं, माझं ऐकणार नाही, त्यांचं ऐकेल. काकांनी व्हर्निअर लावला, नळीत बोट घालून भिंत चाचपली आणि फोर्क परत त्याच्या हातात दिला. "पोरा, यातनं काढू काय? मटेरियल कुठाय?" पैसे घेतले नाहीत. चहा मात्र आम्हाला पाजायला लावला.

यात एक अर्धसत्य आहे, ते मान्य करते. काही फ्रेमची हेडट्यूब ४४ मिलिमीटरची असते. तिला खालून बाहेरचा कप (बेअरिंगची वाटी) असलेला हेडसेट, म्हणजे हेडट्यूबच्या बेअरिंगचा संच, लावला की टेपर्ड स्टीअरर व्यवस्थित बसतो, कातायची गरज नाही. पण तो बाहेरचा कप साधारण बारा मिलिमीटर उंची खातो आणि तेवढी सायकल पुढून आणखी वर जाते. ती फोर्कच्या लांबीत धरायची. तेव्हा फोर्क घेण्याआधी खालचा कप काढून भोक मोजा. ३४ निघालं तर टेपर्डचा विषय तिथेच संपला.

आता फ्रेमला काही होत नाही, कंपन्या घाबरवतात, हे. कंपन्यांवर माझं काही प्रेम नाही, घाबरवतात हेही कधी कधी खरं असतं. पण इथे ट्रॅव्हलचा आकडा दुय्यम आहे, खरा आकडा फोर्कच्या लांबीचा. पुढच्या अ‍ॅक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) मध्यापासून क्राउनवरच्या रेसच्या बुडापर्यंत टेप लावा. भाच्याच्या १००च्या फोर्कला आले ५१ सेंटिमीटर, त्याने आणलेल्या १४०च्या सेकंडहँड फोर्कला ५५. फ्रेमच्या दृष्टीने फोर्क ही एक पहार आहे आणि हेडट्यूबचा सांधा हा तिचा टेकू. पहार चार सेंटिमीटरने वाढली.

सायकलींसाठी आयएसओ ४२१० नावाचं मानक आहे, त्याच्या सहाव्या भागात फ्रेम आणि फोर्कच्या चाचण्या आहेत. एका चाचणीत मागचा अ‍ॅक्सल पकडून ठेवतात आणि पुढच्या अ‍ॅक्सलच्या जागी फ्रेमला जमिनीला समांतर पुढे-मागे ढकलतात-ओढतात. माउंटन बाइकसाठी पुढे १२०० न्यूटन, म्हणजे साधारण १२० किलोच्या वजनाएवढं, मागे ६००, असं ५० हजार वेळा. फ्रेममध्ये बसवलेला डमी फोर्क किती लांब? त्या फ्रेमला चालेल म्हणून बनवणाऱ्याने सांगितलेल्या सर्वांत लांब फोर्कएवढा. पुस्तिकेत "कमाल १२० मिमी" छापलेलं असतं ते याच्याशी जोडलेलं आहे. त्यापुढे ती फ्रेम कुणी तपासलेलीच नाही. तिथून पुढचे परीक्षक तुम्ही.

कुणी म्हणेल, ५१चे ५५ म्हणजे फार तर आठ टक्के वाढ. बरोबर. पण ॲल्युमिनियमचा थकवा सरळ हिशोबाने चालत नाही. ताण जरासा वाढला की आयुष्य त्याच्या कितीतरी पट घटतं, आणि पोलादासारखी "याखाली काहीच होत नाही" अशी रेषा ॲल्युमिनियमला नसते. त्यात १४०चा फोर्क लावलेला माणूस सायकल १००सारखी चालवत नाही, तो दगडावरून उडवायला बघतो. आमच्या रविवारच्या टोळीतल्या एकाने १००च्या फ्रेमला १५० लावला होता. चौदा महिन्यांनी डाउनट्यूबवर (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर), हेडट्यूबच्या वेल्डच्या खाली, केसाएवढी रेघ दिसली. तो म्हणत होता ओरखडा आहे. मी नख फिरवलं, नख अडकलं. केवळ फोर्कमुळेच झालं असं छातीठोक सांगणार नाही, त्याच्या उड्याही होत्या. पण ती सायकल आता भिंतीवर आहे.

उताराचा मुद्दा वरवर खरा आहे. लांब फोर्कने पुढचा कोन, म्हणजे हेडट्यूबचा जमिनीशी असलेला कोन, लवतो आणि सायकल उतारावर कमी बिचकते. ढोबळ हिशोब असा: फोर्क २० मिलिमीटरने लांबला की कोन साधारण एक अंशाने लवतो. ४०ला दोन अंश, म्हणजे ६८ची फ्रेम ६६वर येते. मात्र सीटचा कोनही तेवढाच मागे कलतो आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलांचा मधला आस) साधारण दीड सेंटिमीटर वर उचलला जातो. टेकडीच्या उभ्या चढावर पुढचं चाक हवेत तरंगायला लागतं, आणि मुरमाच्या वळणात आपण उंच स्टुलावर बसल्यासारखे.

खरी गंमत पुढे आहे. ५१मधून १० वजा करा, ५५मधून १४. दोन्हीकडे ४१. म्हणजे फोर्क पूर्ण दबला की दोन्ही सायकलींचं नाक एकाच जागी येतं आणि कोन ७३च्या आसपास जातो. मोठ्या दगडावर फोर्क तळाला गेला, नेमकी स्थिरता हवी असते त्या क्षणी, तुमचा तो लवलेला कोन गायब! शिवाय १४०मध्ये कोन सात अंश फिरतो, १००मध्ये पाच. फुल सस्पेन्शनमध्ये मागचंही खाली बसतं म्हणून हे एवढं जाणवत नाही. हार्डटेलमध्ये फक्त नाकच बुडतं.

१००ऐवजी १२० लावण्याला माझा विरोध नाही. बऱ्याच फ्रेमची पुस्तिकाच ती मुभा देते. तुम्ही बसल्यावर १००चा फोर्क साधारण २५ मिलिमीटर दबलेला असतो आणि १२०चा ३०, म्हणजे प्रत्यक्ष फरक पंधराचाच राहतो. पुस्तिकेत मुभा असेल तर एवढं फ्रेम सोसते.

आरामाबद्दल फार लिहीत नाही. भाच्याच्या जुन्या फोर्कच्या नळीला मी केबल टाय बांधला आणि त्याला टेकडीवरून खाली पाठवलं. परत आल्यावर मोजलं, १००पैकी ६२ मिलिमीटरच वापरले होते. मुलगा ५८ किलोचा आणि आतली स्प्रिंग त्याच्यासाठी फार कडक. वरचं प्रीलोडचं बटण फिरवून स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, फक्त ती आधीच थोडी दाबली जाते. ज्याला हातातले १०० वापरता येत नाहीत त्याला १४० देऊन काय होणार? त्याला वजनाप्रमाणे हवा भरता येईल असा १००चा किंवा १२०चा एअर फोर्क हवा, सरळ स्टीअररचा, शिवाय त्याच्या चाकाच्या मापाचा आणि हबला चालणाऱ्या अ‍ॅक्सलचा. जुनं चाक ९ मिलिमीटरच्या क्विक रिलीजचं आणि फोर्क १५च्या थ्रू अ‍ॅक्सलचा, तर बहुधा हबही नवा घ्यावा लागतो. फॉरवर्डमध्ये याबद्दल अवाक्षर नाही.

परदेशातले १६०? कोमेन्साल कंपनीची मेटा एचटी ही हार्डटेल येते १६०च्या फोर्कसकट, कारण ती फ्रेमच त्यासाठी आखलेली आहे. तिची हेडट्यूब बघा आणि मग आपली बघा.

भाच्याचा तो १४०चा फोर्क सध्या माझ्या पलंगाखाली आहे, विकायचा आहे. २९ इंची चाकाचा, टेपर्ड स्टीअरर, १५चा अ‍ॅक्सल, स्टीअरर न कातलेला. घ्यायला येताना फ्रेमची पुस्तिका घेऊन या, त्यात १४० लिहिलेलं दिसलं तरच देईन.