पडून तर आहे, त्याला काय होतंय!

हे वाक्य परत कुणाच्या तोंडून ऐकलं तर माझा तोल जाईल, आधीच सांगून ठेवतो.

कामासाठी तीन वर्षं बाहेर होतो. निघताना दादाला दहादा बजावलं होतं, माझा कॉम्प्युटर आणि लॅपटॉप आतल्या खोलीतल्या कपाटातच राहू दे. परत येऊन बघतो तर दोन्ही माळ्यावर! कॉम्प्युटर कचऱ्याच्या काळ्या पिशवीत कोंबलेला, तोंडाला चिकटपट्टी गच्च आवळलेली, आडवा टाकलेला आणि वर जुन्या गाद्यांचा ढीग. विचारलं तर म्हणे, "अरे, पडून तर होता, त्याला काय होतंय?"

पिशवी फाडली तेव्हा कुबट वासाचा भपकाराच आला. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाणी सुकल्याचे पांढरे डाग. अरे, पिशवी बंद केली की दमट हवाही आतच कोंडली जाते! माळा दिवसा तापतो, रात्री गार पडतो, आणि त्या हवेतलं पाणी जाऊन बसतं ते थंड पडलेल्या पत्र्यावर. स्क्रू सगळे गंजलेले. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डावर, नाण्यासारखा सीआर २०३२ सेल असतो ना, तो ज्या पट्टीखाली बसतो तिच्यावर हिरवट थर चढलेला, नखानं खरवडला तरी निघेना. पॉवर सप्लायच्या जाळीतून झुरळं आत शिरून अंडी घालून बसलेली. गाद्यांच्या वजनानं बाजूचा पत्रा आत दबलेला. आणि ह्याला म्हणायचं "जपून ठेवलाय".

लॅपटॉपची कथा तर विचारूच नका. पार चार्जिंग संपलेल्या अवस्थेतच ह्यांनी तो बंद करून ठेवून दिला. लिथियम बॅटरी नुसती पडून राहिली तरी हळूहळू उतरत जाते. आधीच रिकामी असेल तर व्होल्टेज धोक्याच्या पातळीखाली जातं आणि सेल कायमचा बिघडतो. माझी बॅटरी फुगली होती. टचपॅड वर उचलला गेलेला, झाकण नीट मिटत नाही. आणि दादा काय करतोय, तर अंगठ्यानं तो फुगवटा दाबतोय! "दाबला की बसेल." मी अक्षरशः ओरडलो त्याच्यावर. फुगलेली बॅटरी दाबली, टोचली तर पेट घेऊ शकते, हे घराघरांत का माहीत नसावं? सिलिंडरबाबत लोक जेवढी काळजी घेतात, त्याच्या निम्मी तरी घ्या.

बरं, करायचं काय होतं? बॅटरी साधारण निम्मी चार्ज करून लॅपटॉप बंद करायचा आणि पाच-सहा महिन्यांनी काढून परत निम्म्यावर आणायची. कॉम्प्युटरची धूळ झटकून, सगळ्या वायरी काढून तो उभा ठेवायचा, जमिनीपासून वर, भिंतीला न चिकटवता, वर सुती कापड टाकून. मूळ खोकं असेल तर सोन्याहून पिवळं. पिशवीचाच हट्ट असेल तर आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि अधूनमधून बदला. मदरबोर्डवरचा तो नाण्यासारखा सेल काढून ठेवायला एक मिनिट लागतं. सगळं मिळून एक दुपार. ती एक दुपार कुणाला मिळाली नाही!

पण खरा संताप ह्या पत्र्याचा आणि बॅटरीचा नाहीच. लॅपटॉपमध्ये बाबांच्या शेवटच्या वर्षाचे फोटो होते. मी दोन प्रती ठेवल्या होत्या, एक लॅपटॉपच्या एसएसडीवर, म्हणजे चिपमध्ये डेटा साठवणाऱ्या डिस्कवर, आणि दुसरी कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर. दोन्ही एकाच माळ्यावर गेल्या, मला न विचारता. एसएसडीला वीजच मिळाली नाही तर तिच्यातला डेटा जन्मभर टिकत नाही. साध्या वापराच्या, लिहून लिहून आयुष्य संपत आलेल्या एसएसडीकडून ३० अंश सेल्सियसला वीज बंद असताना १ वर्ष डेटा टिकावा, एवढीच ह्या उद्योगाच्या मानकाची अपेक्षा आहे. जागा जितकी तापेल तितका तो काळ आखडतो. माझी एसएसडी बरीच वापरलेली होती आणि माळा भट्टीसारखा तापतो. काही फोटो उघडले. काही अर्धेच दिसतात, खाली नुसता करडा पट्टा. हार्ड डिस्क सुरू केली की टक्-टक् आवाज करते आणि थांबते.

दुरुस्तीवाल्याकडे नेली तर तो हसून म्हणतो, "एवढं जुनं कोण सांभाळतं हल्ली? नवीन घ्या." नवीन मशीन मी उद्या घेईन हो. त्यात बाबा कुठून आणू?

बॅटरी मी काढून घेतली आहे आणि ती बाहेर एका पत्र्याच्या डब्यात, वाळूत ठेवली आहे, ई-कचरा घेणाऱ्यांकडे देईपर्यंत. दादाला सांगितलंय, त्या डब्याला हात लावायचा नाही. त्यानं डब्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पडून तर आहे."