मूळ स्थितीतला बास आणि मूळ स्थितीतला पाऊस

जुन्या इलेक्ट्रिक बास गिटारची किंमत ठरवणाऱ्या मंडळींचा एकच आग्रह असतो की वाद्याला कोणी हात लावलेला नसावा. स्क्रू बदललेला नसावा, सोल्डरिंग उकललेले नसावे, रंगावर पुन्हा रंग चढलेला नसावा. हा नियम ज्यांनी केला, त्यांनी मालवणात जुलै महिना काढलेला नाही. आमच्याकडे माणसाने वाद्याला हात लावला नाही तरी हवा लावते, आणि ती कोणाला विचारून लावत नाही.

माझ्याकडे फेंडर या अमेरिकन कंपनीचा एक प्रिसिजन बास आहे. गोव्यातल्या हॉटेलांत उमेदीची वर्षे वाजवून निवृत्त झालेल्या एका वादकाकडून तो आला, तेव्हा "सहासष्टचा आहे" एवढीच जन्मपत्रिका त्याच्याबरोबर होती. ती पडताळून पाहणे हे स्वतंत्र प्रकरण आहे. मानेमागच्या धातूच्या पट्टीवर क्रमांक असतो, पण कारखान्यात त्या पट्ट्या क्रमवार बसवल्या जात नसत, त्यामुळे त्यावरून फार तर अंदाज बांधता येतो. मग मान सोडवून तिच्या टोकावरचा तारखेचा शिक्का पाहायचा आणि आतल्या व्हॉल्यूमच्या पॉटवरचे, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या फिरत्या भागावरचे आकडे वाचायचे. सुरुवातीला १३७ असेल तर पॉट सीटीएस कंपनीचा, पुढचे दोन आकडे वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. माझ्या पॉटवर भिंगातून १३७६६ एवढे दिसते. आठवडा गंजाने खाल्ला आहे. त्यातही मेख अशी की १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतल्यानंतर पॉटचा मोठा साठा करण्यात आला होता, आणि सहासष्टचे पॉट पुढच्या काही वर्षांच्या वाद्यांतही निघतात. म्हणजे हा साक्षीदार एवढेच सांगतो की वाद्य त्याच्या आधीचे नाही. शिक्का पाहावा, तर तिथे बुरशी आहे.

गंमत म्हणजे हीच अवस्था परदेशात पैसे मोजून विकत घेतात. १९९५ पासून फेंडरच्या कस्टम शॉप या खास कार्यशाळेत नवीकोरी वाद्ये मुद्दाम झिजवून, रंग खरवडून, धातूचे भाग काळवंडवून जास्त किमतीला विकली जातात. आमच्या पडवीत नवे वाद्य मृगात ठेवले आणि चतुर्थीला बाहेर काढले, तर तेच काम फुकटात होते. वर एखादी पाल पिकअपच्या, म्हणजे तारांची कंपने टिपणाऱ्या चुंबकी भागाच्या, खोबणीत अंडी घालून जाते, ती सोय कस्टम शॉपमध्ये असेल असे वाटत नाही.

खरा जीव जातो तो मानेपायी. चार जाड तारा मानेला पुढे ओढतात आणि लाकडाच्या आतली ट्रस रॉड नावाची सळई तिला मागे धरून ठेवते. पाऊस सुरू झाला की लाकूड ओलावा पिते आणि हा तह मोडतो. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, दाबली असता सातव्या फ्रेटपाशी व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट असावी, असे जाणकार सांगतात. श्रावणात माझ्याकडे तिथून लग्नपत्रिका पाकिटासकट जाते. उपाय सोपा आहे, सळईचे नट पाव फेरा आवळायचे. पण त्या काळच्या फेंडरमध्ये हे नट मानेच्या बुंध्याशी, वाद्याच्या धडाच्या खोबणीत दडलेले असते. म्हणून तारा सैल करायच्या, मान सोडवायची, पाव फेरा द्यायचा, सगळे परत जोडून सुरात लावायचे आणि मग कळते की आणखी पाव फेरा हवा होता. हा बेत कॅलिफोर्नियात फुलर्टनला आखला गेला, जिथे पाऊस पाहुण्यासारखा येतो.

तारांबद्दलही मोठ्यांचे दाखले आमच्या कामाचे नाहीत. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बासवादक जेम्स जॅमरसन तारा तुटेपर्यंत बदलत नसे, हे सगळ्या बासवाल्यांना पाठ असते. डेट्रॉइटला पाणी गोडे आहे. इथे न पुसता ठेवलेल्या तारेवर बोट फिरवले की बोटाला तांबूस रंग लागतो आणि चव पाहिली तर खारटही असावी. पूर्वी कपाटात चाळीसचा बल्ब लावून ठेवला की वाद्य कोरडे राही. एलईडीने वीज वाचवली, पण कपाटातली ऊब नेली.

अँप्लिफायर मात्र माझ्या हातचा विषय नाही, तो बाजारातल्या रेडिओवाल्या काकांचा. त्यांनी व्हॉल्व्हच्या रेडिओंवर आयुष्य काढले आहे, त्यामुळे माझा पन्नास वॅटचा बासमन, म्हणजे फेंडरचाच अँप्लिफायर, त्यांना मोठ्या घरचा रेडिओच वाटतो. ते व्हॉल्व्ह उजेडात धरून काचेच्या आतला चांदीसारखा डाग पाहतात. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह संपला. मग यंत्र चालू करून पेन्सिलीने प्रत्येक व्हॉल्व्हला हलकी टिचकी मारतात, आणि जो स्पीकरमधून ठणठणून उत्तर देतो त्याला बाजूला काढतात. स्पीकर जोडल्याशिवाय ते बटणाला हात लावू देत नाहीत, कारण भाराविना आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आत चारशेच्या वर व्होल्ट खेळतात आणि बंद केल्यावरही ते कंडेन्सरमध्ये दबा धरून बसतात, म्हणून एक हात खिशात ठेवून काम करावे असा जुना दंडक आहे. लुंगीला खिसा नसतो. काका डावा हात पाठीमागे धरून उभे राहतात, थेट राष्ट्रगीताला उभे राहिल्यासारखे.

शिवाय यंत्र अमेरिकेचे, म्हणून मध्ये विजेचा दाब उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर. संध्याकाळी गावातला दाब २३० व्होल्टवरून १८० वर उतरला की व्हॉल्व्हच्या तापतारेला ६.३ व्होल्टच्या जागी पाचही मिळत नाहीत, आणि बास घसा बसल्यासारखा बोलतो. पन्नास वर्षांचे कंडेन्सर सुकून घुमायला लागले, तेव्हा काकांनी ते सरळ बदलले. माझ्या मते यात पाप काही नाही. कंडेन्सर हा टायरसारखा झिजणारा माल आहे. पण काढलेले जुने भाग फेकायचे नाहीत, हा संकेत मी पाळला आणि ते पिशवीत भरून ठेवले.

मध्यंतरी मुंबईहून एक संग्राहक पाहायला आले. पांढरे हातमोजे घालून त्यांनी अँप्लिफायरचे मागचे झाकण उघडले, नवे कंडेन्सर पाहिले आणि घरात कोणी गेल्यासारखा चेहरा केला. "हे ओरिजिनल नाहीत." काका शांतपणे म्हणाले, "ओरिजिनल ह्या पिशयेत आसत. घेवन जावा." गृहस्थांनी पिशवी उघडली, एकेक मेलेला कंडेन्सर तळहातावर घेऊन त्यावरचे छापील अक्षर वाचले, आणि चालू स्थितीतला अँप्लिफायर तसाच सोडून मला विचारले, "या पिशवीचे वेगळे किती घ्याल?"