डेव्हिड थॉम्पसनचा तो एकच डंक

परवा रविवारी कॅरीला मित्राकडे जेवायला गेलो होतो. त्याचा मुलगा एनसी स्टेटमध्ये, म्हणजे नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीत, सेकंड इयरला आहे. वीस वर्षांपूर्वी मी एमएस केलं ते याच युनिव्हर्सिटीत, इथे रॅलीमध्ये. पानं वाढून होईपर्यंत गप्पा बास्केटबॉलवर आल्या आणि त्याने विचारलं, "काका, एनसी स्टेटचा आजवरचा सगळ्यात भारी डंकर कोण?"

मी म्हणालो, डेव्हिड थॉम्पसन.

"पण त्याने कॉलेजात डंक मारलाच कुठे?"

मुलगा हुशार आहे. माझ्या उत्तरातली दुखरी जागा त्याला बरोबर सापडली. जेवण संपलं, ताक झालं, तरी आमचं संपेना. घरी आल्यावरही डोक्यात तेच चालू होतं, म्हणून हे लिहायला बसलो. मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी एवढंच सांगतो, की रिंग जमिनीपासून 10 फुटांवर असते. उडी मारून बॉल वरून थेट तिच्यात कोंबायचा, त्याला डंक म्हणतात. पुण्यात शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर मी सात-आठ वर्षं खेळलो. माझी बोटं जाळीपर्यंत पोचायची, रिंगपर्यंत कधी पोचली नाहीत. त्यामुळे ते 10 फूट किती उंच असतात हे मला आजही पोटऱ्यांना आठवतं.

आता मुलाची बाजू. त्याचा माणूस डेनिस स्मिथ ज्युनियर. फेएटव्हिलचा, म्हणजे आमच्या नॉर्थ कॅरोलिनाचाच पोरगा. 2016-17 चा एकच सीझन खेळला आणि एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, गेला. जानेवारी 2017 मध्ये ड्यूक युनिव्हर्सिटीच्या कोर्टवर, कॅमेरून इनडोअरमध्ये, आम्ही 84-82 ने जिंकलो. तिथे 1995 नंतर आम्ही जिंकलोच नव्हतो! मॅच संपता संपता स्मिथने एकट्याने धावत जाऊन जो डंक मारला, तो या पिढीच्या पोरांना तोंडपाठ आहे. मी तो घरी टीव्हीवर पाहिला आणि सोफ्यावरून उठून ओरडलो. त्या डंकबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्याच्याशिवायही आम्ही ती मॅच जिंकलोच होतो.

मग स्पड वेबचं नाव निघालं. उंची पाच फूट सात इंच, म्हणजे आपल्याकडच्या साध्या माणसाएवढी. 1983 ते 85 अशी दोन वर्षं तो इथे खेळला आणि 1986 मध्ये एनबीएची डंक स्पर्धा जिंकला, तीही स्वतःच्याच टीममधल्या डॉमिनिक विल्किन्सला हरवून, जो आदल्या वर्षीचा विजेता होता. लहानपणी त्याचे फोटो मी वहीत चिकटवले होते. बुटक्या पोरांचा तो देव होता. पण तो पराक्रम एनबीएतल्या अटलांटाच्या जर्सीत झाला आणि आमचा वाद कॉलेजच्या जर्सीचा होता. स्पडला दंडवत घालून मी पुढे जातो.

खरी लढत मला दोघांतच दिसते: डेव्हिड थॉम्पसन आणि लॉरेन्झो चार्ल्स.

थॉम्पसन शेल्बीजवळच्या गावचा, अकरा भावंडांतला धाकटा. मातीच्या अंगणात खेळून मोठा झाला. उंची सहा फूट चार इंच. बास्केटबॉलमध्ये ही काही राक्षसी उंची नव्हे. पण उडी अशी, की लोक त्याला स्कायवॉकर म्हणायचे. 1974 च्या मार्चमध्ये आमच्याच रेनॉल्ड्स कोलिझियममध्ये पिट्सबर्गविरुद्धच्या मॅचमध्ये तो एक शॉट अडवायला उडाला आणि त्याचा पाय स्वतःच्याच टीममधल्या फिल स्पेन्सच्या खांद्यात अडकला. स्पेन्स सहा फूट आठ इंच उंच होता, आणि उभा होता. उभ्या माणसाच्या खांद्याला पाय लागावा एवढ्या वर हा होता! तिथून तो डोक्यावर कोसळला. सगळं कोलिझियम गप्प झालं. हॉस्पिटलात 15 टाके पडले आणि मॅच संपायच्या आत तो डोक्याला बँडेज बांधून परत बेंचवर येऊन बसला.

पुढच्याच आठवड्यात ग्रीन्सबरोमध्ये कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेची सेमीफायनल होती, समोर लॉस एंजेलिसची यूसीएलए. लागोपाठ सात वर्षांचे चॅम्पियन, त्यात बिल वॉल्टनसारखा खेळाडू. दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये (बरोबरी झाली की मिळणाऱ्या जादा वेळेत) आम्ही सात गुणांनी मागे होतो, तिथून 80-77 ने जिंकलो. थॉम्पसनचे 28 गुण. दोन दिवसांनी फायनलमध्ये मार्केट युनिव्हर्सिटीला हरवून एनसी स्टेट पहिल्यांदा चॅम्पियन झालं.

आणि या सगळ्या काळात त्याला डंक मारायला बंदी होती.

मुलाला हे अर्धवट माहीत होतं. कॉलेज बास्केटबॉलमध्ये 1967 साली डंकवर बंदी आली आणि ती 1976-77 च्या सीझनला उठली. सांगायला कारणं होती: खेळाडूंना इजा होते, बोर्ड फुटतात, डंक अडवता येत नाही. पण तारखा जरा शेजारी ठेवून बघा. 1966 मध्ये टेक्सस वेस्टर्न कॉलेजने पाच काळे खेळाडू घेऊन सुरुवात केली आणि सगळ्या गोऱ्यांच्या केंटकीला फायनलमध्ये हरवलं. त्या मॅचच्या सुरुवातीलाच डेव्हिड लॅटिनने जोरदार डंक मारला होता. त्यानंतर यूसीएलएचा लू अल्सिंडॉर, म्हणजेच पुढे करीम अब्दुल-जब्बार, सगळ्यांना भारी पडला आणि 1967 मध्ये नियमच बदलला. काळ्या पोरांनी ज्या गोष्टीत स्वतःची शैली घडवली होती, नेमकी तीच खोडून काढली, असं तेव्हाच कित्येकांनी बोलून दाखवलं. मलाही तसंच वाटतं. बोर्ड फुटत होते तर जाड बोर्ड बसवायचे होते.

मग थॉम्पसनने काय केलं? माँटी टो नावाचा पाच फूट सात इंची गार्ड (हो, स्पड वेबएवढाच!) रिंगच्या जवळ उंच बॉल फेकायचा. थॉम्पसन वर जायचा, हवेतच बॉल पकडायचा आणि हात रिंगच्या वर असतानाच बॉल हलकेच आत सोडायचा. कोंबायचा नाही, कारण कोंबला तर फाउल. विचार करा, एवढ्या उंचीवर पोचल्यावर हाताला आवरायचं, ताकद मागे घ्यायची आणि देवापुढे फूल ठेवावं तसा बॉल ठेवायचा. आज ज्याला ॲली-ऊप म्हणतात, तो या दोघांनी गाजवला. डंक मारण्यापेक्षा तो न मारता तिथपर्यंत जाणं कठीण आहे, असं मी मुलाला म्हणालो. इथे तो पहिल्यांदा गप्प झाला.

आणि "मारलाच कुठे" याचं उत्तर असं की मारला, एकदाच. 1975, सीनियर इयर, रेनॉल्ड्समधली त्याची शेवटची मॅच, समोर यूएनसी शार्लट. समोर मोकळं कोर्ट मिळालं, तो निघाला आणि या वेळी हात आवरला नाही. टेक्निकल फाउल (नियम मोडल्याचा दंड) मिळाला आणि बास्केटही रद्द झाली. तीन वर्षांत 79 मॅच जिंकून देणाऱ्या आणि फक्त 7 हरलेल्या माणसाचा कॉलेजमधला एकमेव डंक स्कोअरबुकात शून्य गुणांचा आहे. मराठीत डंक म्हणजे विंचवाचा. हा शून्याचा डंक मला तसाच लागतो. इतकी वर्षं झाली तरी उतरत नाही.

आता लॉरेन्झो चार्ल्स. 4 एप्रिल 1983, अल्बुकर्की. फायनलला समोर ह्यूस्टन: हकीम ओलाजुवॉन, क्लाइड ड्रेक्सलर, लागोपाठ 26 मॅच जिंकलेली टीम. डंक मारण्यासाठी एवढी प्रसिद्ध की त्यांना टोपणनावच फाय स्लामा जामा पडलेलं. आमची टीम त्या सीझनमध्ये दहा मॅच हरलेली. स्कोअर 52-52, शेवटची काही सेकंदं. डेरेक व्हिटनबर्गने लांबून, जवळजवळ तीस फुटांवरून बॉल भिरकावला. तो रिंगपर्यंत पोचणारच नव्हता. खाली चार्ल्स उभा होता, दुसऱ्या वर्षाचा पोरगा, ब्रुकलिनचा. त्याने हवेतच बॉल पकडला आणि दोन्ही हातांनी आत घातला. 54-52. कोच जिम व्हॅल्व्हानो कोर्टवर सैरावैरा धावत सुटला, मिठी मारायला कोणीतरी शोधत.

त्या डंकमध्ये शैली नव्हती. घाईत, खालच्या खाली उचलून घातलेला बॉल होता. पण डंक मारणाऱ्या टीमला डंकनेच हरवलं, आणि चॅम्पियनशिप त्या दोन गुणांवर आली. बंदी आणखी सात वर्षं चालू राहिली असती तर ते दोन गुण मिळालेच नसते. थॉम्पसनचे दोन गुण पुसले गेले आणि आठ वर्षांनी त्याच कॉलेजच्या पोराला तसल्याच दोन गुणांनी चॅम्पियन केलं. हे कुठे जोडलं जातं का, मला सांगता येत नाही. पण मी दोघांना वेगळं करून पाहू शकत नाही.

चार्ल्स पुढे इथेच राहिला, बस चालवायचा. 27 जून 2011 ला रॅलीतच आय-40 वर त्याच्या बसला अपघात झाला आणि तो गेला. तेव्हा बसमध्ये दुसरं कोणी नव्हतं. वय 47. त्या संध्याकाळी मी त्याच रस्त्याने घरी आलो होतो. ती बातमी मला अजून नीट वाचवत नाही.

तर माझं मत: सगळ्यात मोठा डंक लॉरेन्झोचा, सगळ्यात मोठा डंकर थॉम्पसन. मुलगा म्हणाला, ही पळवाट आहे. मला तसं वाटत नाही. सगळ्यात गाजलेला अभंग एकाचा आणि सगळ्यात गोड गळा दुसऱ्याचा, असं आपण म्हणतोच ना? शिवाय मायकल जॉर्डन आमच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांकडून, यूएनसीकडून खेळला, तरी 2009 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये जाताना त्याने आपल्या शेजारी उभं राहायला कुणाला बोलावलं? डेव्हिड थॉम्पसनला. लहानपणी त्याने ज्याला पाहून उडी मारायचं स्वप्न पाहिलं, तो हा माणूस.

मुलगा अजून डेनिस स्मिथवर ठाम आहे. येत्या शनिवारी आम्ही रेनॉल्ड्सबाहेर थॉम्पसनच्या पुतळ्यापाशी भेटायचं ठरवलंय. तो पुतळा 2023 च्या डिसेंबरमध्ये बसवला. मुलगा फोनवर स्मिथच्या डंकचा व्हिडिओ घेऊन येणार आहे. मी त्याला पुतळ्याखाली उभं करून एवढंच सांगणार आहे, की सहा फूट आठ इंचाचा माणूस शेजारी उभा आहे असं समज आणि त्याचा खांदा कुठे येतो ते हात वर करून दाखव.